जादा झुळूक

तारीख जाहीर झाली तेव्हा त्याच्या चिमट्यात एका अनोळखी बाईचा पुढचा दात होता. भट्टीतून नुकताच निघालेला, अजून कोमट. मेजावर फोन थरथरला, त्याने नुसती तिरकी नजर टाकली आणि दात निसटून फरशीवर पडला. आवाज इतका किरकोळ झाला की दुसऱ्या कुणाला कळलाही नसता; पण पलीकडे साचे भरत बसलेल्या प्लास्टरवाल्या बाईंचे कान म्हणजे कान होते. "गेला?" त्यांनी मान वर न करताच विचारलं. "गेला. कोपरा उडाला." "तुमच्या हातून? अहो शेडवाले, तुमच्या हातून तर शिंकतानासुद्धा काही पडत नाही." कवळ्या आणि दात बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये दातांचे रंग जुळवायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून तो शेडवाले. पांढऱ्याच्या पोटात किती तऱ्हेचा पिवळा लपलेला असतो हे त्याला बरोबर दिसायचं. माणसांच्या पोटातलं दिसायचं नाही, पण त्याचा पगार त्यासाठी नव्हताच. त्याने दात उचलून कागदावर ठेवला आणि फोनकडे पुन्हा पाहिलं. तारीख तिथेच होती. 'ढगांचं ऑफिस'चा गेम येत होता. या खेपेला 'लवकरच' नव्हतं, 'काही अडचणींमुळे' नव्हतं. वार होता, तारीख होती, वेळसुद्धा होती. खरं तर त्याने टुणकन उडी मारायला हवी होती. ठिकठिकाणी माणसं त्या क्षणी उड्या मारत असणार, याची त्याला खात्री होती. त्याला मात्र धसका बसला. घरमालकाने दारात उभं राहून 'जरा बोलायचं होतं' म्हटलं की बसतो, तसा.

'ढगांचं ऑफिस' ही एक विनोदी कार्टून मालिका. हवामान खात्यात नोकरीला असलेली जनावरं आणि त्यांचे रोज चुकणारे अंदाज, एवढंच तिचं भांडवल. बडेसाहेब म्हणजे एक कासव, जे जन्मात कधी ऑफिसबाहेर पडलेलं नाही. बेडूक कारकुनाला पावसाची ॲलर्जी. आणि एक म्हातारा कावळा रोज संध्याकाळी भारदस्त आवाजात 'उद्या लख्ख ऊन' असं जाहीर करायचा, की झालाच पाऊस सुरू. मालिका केव्हाच संपली होती, पण ती बघणारी माणसं संपली नव्हती. मग कधीतरी बातमी आली की तिच्यावर गेम येणार, आणि तोही भूमिका घेऊन खेळायचा. तुम्ही खात्यात नव्याने लागलेले उमेदवार. आपला चेहरामोहरा आपण ठरवायचा, जोडीदार निवडायचा, आणि गावोगाव दारं ठोठावत चुकलेल्या अंदाजांबद्दल माफी मागत फिरायचं. कुणाची सहल बुडाली, कुणाचं गवत कुजलं. ज्याची जशी तक्रार तसा ढग त्याला मिळवून द्यायचा. माफी मागण्यावर खेळ बेतणारी माणसं त्याला ऐकताक्षणीच जाणती वाटली होती. पण गेम जाहीर झाला आणि लांबला, पुन्हा लांबला, बनवणारी कंपनी बदलली, कासवाचा रंग बदलला, त्यावरून भांडणं झाली. वाट बघणाऱ्यांतले हौशे गळाले आणि मुरलेले उरले. तो मुरलेल्यांत होता. अधूनमधून मिनिटभराची झलक यायची, ती ते थांबवून थांबवून बघायचे: भिंतीवरचा नकाशा कुठला, टेबलाखालून कुणाची शेपटी दिसते. त्या एका शेपटीवर त्यांचा अख्खा हिवाळा निघाला होता.

मालिकेचा नाद खरा मुलीचा. तेव्हा त्याची सकाळची पाळी असायची. ती शाळेतून यायची, दप्तर दारात, बूट वाटेत, आणि स्वतः त्याच्या कुशीला टेकून टीव्हीसमोर. गोष्टीकडे तिचं लक्षच नसायचं. ती मागचं बघायची. तिनेच त्याला दाखवलं, की बडेसाहेबांच्या पाठीमागच्या खिडकीत दोरीवर एक मोजा वाळत घातलेला असतो. एकच. प्रत्येक भागात असतो, आणि त्याच्या अंगठ्याचं भोक भागागणिक वाढत जातं. "तो वाळणारच नाही बाबा," ती म्हणाली होती, "कारण यांना ऊन कधी पडणार तेच कळत नाही." त्याला तिचा फार अभिमान वाटला, पण बोलायची सवय नसल्याने तो नुसता 'हं' म्हणाला. मोजा कुणाला सांगायचा नाही असं दोघांचं ठरलं. आईलासुद्धा नाही. पुढे त्याच वर्षी आई आणि मुलगी दुसऱ्या शहरात राहायला गेल्या. भांडण असं झालंच नाही. तिची आई एकदाच म्हणाली, "तुझ्याशी बोलणं म्हणजे बंद दुकानाची कडी वाजवत बसणं." त्यावरही तो काही बोलला नाही, म्हणजे तिचा मुद्दा जागच्या जागी शाबीत झाला. मग सुट्टीच्या दिवशी फोन सुरू झाले. मुलगी विचारायची, "काय चाललंय?" आणि तो म्हणायचा, "गेमची बातमी आहे." तेवढं एक दुकान उघडं होतं. पहिली झलक तर दोघांनी आपापल्या घरी, फोन कानाला लावून, एक-दोन-तीन म्हणत एकदम सुरू केली होती, आणि बेडूक शिंकल्यावर दोन्ही शहरांत एकदम हसू फुटलं होतं. पुढे ती तेरा वर्षांची झाली आणि एके दिवशी म्हणाली, "बाबा, मी आता कार्टून नाही रे बघत. तू बघ." ते 'तू बघ' तिने इतक्या मायेने म्हटलं, की रडणाऱ्या लहान मुलाच्या हातात खुळखुळा द्यावा तसं त्याला झालं.

त्यानंतर काही आठवड्यांतच ऑफिसात 'जादा झुळूक' हजर झाली. ऑफिस म्हणजे गेमची वाट बघणाऱ्यांनी नेटवर मांडलेला अड्डा. तिथे शिस्त कडक. आत यायचं तर खात्यातलं एक पद घ्यायचं आणि बोलायचं ते त्या पदावरूनच. खरं नाव, वय, गाव विचारलं की हकालपट्टी. यायला जमणार नसेल तर रजेचा अर्ज टाकायचा, दुसऱ्याने तो मंजूर करायचा. गेम येईपर्यंत थांबायला कुणाला सवड होती? ते आधीच खेळत बसले होते. हा तिथला 'रजेवरचा कारकून'. आणि एका संध्याकाळी 'जादा झुळूक' नावाच्या नव्या उमेदवाराने लिहिलं: "रुजू होत आहे. एक शंका. साहेबांच्या खिडकीतल्या मोज्याचं भोक वाढत चाललंय, हे खात्याच्या निदर्शनास आलं आहे का?" तो खुर्चीतून उठला, स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला, बंद केला, परत आला. अक्षरं तशीच होती. जगात दोनच माणसांना मोजा माहीत होता, आणि त्यातला एक तो स्वतः. म्हणजे ती आली होती. तोंडावर 'नाही बघत' म्हणून मागच्या दाराने आली होती. स्वभाव त्याच्यावरच गेलेला, समोरासमोर जे जमत नाही ते आडून. त्याने उत्तर लिहिलं: "खात्याच्या निदर्शनास आलं आहे. झुळुकीने रुजू व्हावं." आणि ठरवलं, की आपण ओळखलंय हे तिला कळू द्यायचं नाही. कळलं तर लाजेल, जाईल.

तेव्हापासून त्याचं बरं चाललं होतं. बरं कसलं, झकास चाललं होतं. कामावरून आला की दिवा लावायच्या आधी ऑफिस उघडायचं, झुळूक आहे का बघायचं. झुळूक बहुधा असायची. ती थट्टेखोर होती, साहेबांची टोपी उडवायची, आणि त्याच्या शेपटीविषयीच्या सिद्धांताला तिने एकटीने पाठिंबा दिला होता. तिच्या रजेच्या अर्जांतून तो तिचं आयुष्य वाचायचा. "गुडघ्यामुळे रजा" म्हणजे खेळताना पडली असणार. "नवा चष्मा, अक्षरं नाचतात" म्हणजे वाचन वाढलंय. "परीक्षा आहे, प्रार्थना करावी" असा अर्ज आला तेव्हा त्याने नियम थोडा वाकवून लिहिलं, "मंजूर. आदल्या दिवशी लवकर झोपावं, पोटभर खावं." आणि मग कितीतरी वेळ ती ओळ स्वतःच वाचत बसला. एवढं लांबलचक वाक्य तो आयुष्यात कुणाशी बोलला नव्हता. खऱ्या फोनवर मुलगी 'ठीक' म्हणायची, तोही 'ठीक' म्हणायचा, आणि त्याला मनातल्या मनात हसू यायचं: काय नाटकी आहे पोरगी, कालच तर तासभर गप्पा मारल्या आपण. कधीकधी तर फोन चालू असतानाच तो इकडे झुळुकीला लिहायचा. मग फोन पंधरवड्याने होऊ लागले, मग वाढदिवसाला. त्याला त्याचं फारसं वाटलं नाही. रोज भेटणाऱ्या माणसाला फोन कशाला करायचा?

"मुलगी काय म्हणते?" प्लास्टरवाल्या बाई अधूनमधून विचारायच्या. त्यांना तीन मुलगे होते आणि तिघांबद्दल तक्रारी होत्या, त्यामुळे त्यांना सुखी समजायला हरकत नव्हती. "मजेत. रोज बोलणं होतं." "रोज? नशीब काढलंत. आमच्या धाकट्याला मी मेल्याचं कळवायलाही तिघांना मध्ये घालावं लागेल." आज मात्र त्या तुटलेल्या दाताकडे आणि त्याच्या चेहऱ्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. फोन पुन्हा थरथरला होता. झुळूक लिहीत होती: "कारकूनसाहेब!!! आली एकदाची! पहिल्या दिवशी आपली जोडी. कानाला लावायचं आणा, बोलत बोलत खेळू. इतकी वर्षं नुसतं लिहिलं, आता आवाज ऐकवा की." "शेडवाले, कुणाला काही झालंय का?" "नाही. मुलगी... माझ्याबरोबर खेळणार आहे. बोलणार आहे." बाईंनी हातातलं प्लास्टर खरवडून टाकलं. "मग असं सुतकी तोंड का? मला तर मुलाने नुसतं 'जेवलीस का' विचारलं असतं ना, मी गल्लीभर सांगत सुटले असते."

तोंड सुतकी का, हे त्याला सांगता आलं नसतं. येणाऱ्या दिवसांत तो त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. वाट बघणं संपणार होतं. आवाज आला की पद गेलं, कारकून गेला, झुळूक गेली. राहणार फक्त तो आणि ती, आणि मधे तेच 'ठीक'. पण मग दुसऱ्या बाजूने वाटायचं, की तिनेच तर बोलावलंय. तिने ठरवलंय आता पुरे झालं. बाबा, ओळखलंस ना, असंच ती म्हणणार. त्याने कानाला लावायचं आणलं, दुकानदाराने 'तुमच्यासाठी की मुलांसाठी' विचारलं तेव्हा 'दोघांसाठी' म्हणाला. रस्त्याने चालताना पहिलं वाक्य घोळवत राहिला. 'मला मोज्यापासूनच कळलं होतं' हे बरं होतं, पण त्यात जिंकल्याचा सूर होता. 'कशी आहेस' फारच परकं. 'दमलीस का?' हे त्याला आवडलं. त्यात सगळी वर्षं बसत होती. आरशासमोर त्याने ते म्हणून पाहिलं, तर आवाज दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसासारखा आला.

गेम यायच्या दिवशी त्याने लॅबमधून खरीखुरी रजा घेतली. खोली झाडली, जणू आवाजाला धूळ दिसणार होती. दुपारी ऊन तिरकं होऊन पलंगापर्यंत आलं, त्याने कानाला लावायचं चढवलं, गेम सुरू झाला आणि पडद्यावर पहिलं चित्र उमटलं: ढग नाही, कासव नाही, ऑफिससुद्धा नाही. एक दोरी, तिच्यावर मोजा, आणि अंगठ्याच्या भोकातून आत जायची वाट. भोकावर लिहिलं होतं, 'सुरू करा.' शेजारी ऑफिसातल्या जुन्या मंडळींचे संदेश भराभर सरकत होते: मोजा! मोजा बघा! म्हटलं नव्हतं मोजाच असणार! जिकडे तिकडे मोजा. टंकलेखकाला माहीत होता, हंगामी शिपायाला माहीत होता, ज्यांची पदंही त्याने कधी ऐकली नव्हती त्यांना माहीत होता. क्षणभर त्याला शंका आली. त्याने ती झटकली. असेल. तिने तेव्हा लिहिलं त्यातूनच सगळ्यांना कळलं असेल.

पुढे चेहरा करायचा होता. स्वतःचा करण्यात त्याला रस नव्हता. त्याने पाणमांजराचं एक पिल्लू घेतलं आणि नकळत त्याला मुलीसारखं करायला लागला. डोळे जरा खाली. भुवया जाड, त्याच्या स्वतःच्या आईसारख्या. मग 'दात' आले, आणि तो हसला, कारण इथे तरी त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पुढच्या दोन दातांत फट ठेवली. उजवा किंचित वळलेला. रंग साईसारखा. झालं, तीच. आणि मग त्याचा हात थांबला. हे दात नऊ वर्षांच्या मुलीचे होते, त्याने शेवटचे जवळून पाहिले तेव्हाचे. आता ती एकोणीस वर्षांची होती. फट राहिली की मिटली? वळलेला दात सरळ आला? ज्या बाईचं तोंडही त्याने कधी पाहिलं नव्हतं तिच्या दाताचा पिवळा तो डोळे मिटून जुळवू शकत होता, आणि स्वतःच्या मुलीच्या तोंडात आज काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. सहा वर्षं रोज बोलून. तेवढ्यात कानात खरखर झाली.

"हॅलो? हॅलो हॅलो. कारकूनसाहेब? येतोय का आवाज? माझा येतोय का?"

जाड, घोगरा, साठीकडे झुकलेल्या पुरुषाचा आवाज. मागे कुठेतरी पंखा कुरकुरत होता.

"कोण?" तो म्हणाला.

"कोण काय? झुळूक! जादा झुळूक, हजर!" तो माणूस खो खो हसला आणि खोकला. "अहो, बसलो एकदाचा. गुडघ्यांनी वैताग आणलाय. खुर्ची दोनदा बदलली. तुम्ही गप्प का? ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"वा! मी म्हणत होतो ना, कारकुनाचा आवाज असाच असणार. कमी वापरलेला."

पडद्यावर ऑफिसच्या फाटकाशी एक गुबगुबीत साळिंदर येऊन उभं राहिलं आणि हात हलवू लागलं. त्याने काही दाबलं नाही. "मोजा," तो म्हणाला, "मोजा तुम्हाला कुणी सांगितला?"

"सांगायचाय कशाला? दिसतोच की. आम्ही लिफ्टदुरुस्तीवाले, जेवणाच्या सुट्टीत सगळे मिळून बघायचो. आमच्यातल्या एकाने भोक मोजायला पट्टीसुद्धा लावली होती टीव्हीला." पंखा कुरकुरला. मग आवाज जरा खाली आला. "एक सांगू का? तुम्ही एकदा लिहिलं होतं, परीक्षेच्या आदल्या दिवशी लवकर झोपा, पोटभर खा. आठवतंय? ती आमच्या कामावरची परीक्षा होती, बढतीची. पोरंसोरं सगळी माझ्यापुढे गेलेली. मी वाचलं आणि हसत सुटलो, म्हटलं हा कारकून मला काय शाळकरी समजतो की काय. पण झोपलो हं. खरंच झोपलो. मला असं कुणी सांगून किती वर्षं झाली होती." तो थांबला. "नापास झालो ती गोष्ट वेगळी."

याचा राग यावा असं त्याला वाटत होतं आणि येत नव्हता. जी वाक्यं त्याने इतक्या जपून लिहिली होती ती पोचली होती, कामीही आली होती. फक्त भलत्याच घरी. त्याने सावकाश म्हटलं, "मला जरा रजा हवी आहे."

"आत्ता? पहिल्याच दिवशी?"

"थोडा वेळ. घरचं काम आहे."

"मंजूर, मंजूर. मी थांबतो फाटकाशी. थांबायची काय, सवयच आहे आपल्याला."

त्याने कानावरचं काढलं. खोली एकदम मोठी झाली. मुलीचा नंबर शोधायला त्याला खूप खाली जावं लागलं. घंटी वाजत राहिली. 'दमलीस का' त्याने मनात धरून ठेवलं होतं, पण प्रत्येक घंटीला ते वाक्य दुसऱ्या कुणासाठी बेतलेलं वाटत गेलं.

"बाबा?" गाड्यांचा आवाज होता, आणि त्यात तिचा, त्याच्या आठवणीपेक्षा जाड. "काय झालं?"

"काही नाही."

"हॉस्पिटलमध्ये आहेस का? खरं सांग."

"नाही गं. घरी आहे. सहज केला."

"सहज?" तिने तो शब्द उलटसुलट करून पाहिल्यासारखा उच्चारला. "बरं."

तो आत धुंडाळत होता. इतक्या वर्षांचं बोलणं होतं, पण ते सगळं वापरून झालं होतं. शेवटी हाताला लागलं ते त्याने पुढे केलं. "तुझे दात कसे आहेत?"

"काय?"

"पुढचे. फट होती ना."

"अरे बाबा... तार लावली होती ना मला. दोन वर्षं. आता नाही फट."

"तार लावली होती?"

"मी सांगितलं होतं तुला. विचारलंही होतं, दुखेल का म्हणून. तू हं हं म्हणालास." ती रागावली नव्हती, हवेचा अंदाज सांगावा तशी सांगत होती. "मागे टाइप करत होतास तू काहीतरी. टकटक ऐकू यायची. नेहमीच यायची. म्हणून मग मी फार वेळ नव्हते बोलत. तुला काम असेल म्हणून."

'हं' ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. "दुखली का?" त्याने विचारलं.

"कधी?"

"तार."

"पहिला महिना," ती म्हणाली. "खूप. सूप पिऊन राहत होते." मग ब्रेक करकरले, दार उघडल्याचा सुस्कारा आला. "बस आली बाबा. गर्दी आहे. ठेवू?"

"नको," तो म्हणाला.

तिने फोन ठेवला नाही. कापड घासल्याचा आवाज आला. तिने तो तसाच खिशात टाकला असावा. कुणीतरी 'पुढे सरका' म्हणालं, एक मूल कशासाठी तरी हट्ट करत होतं, कुठल्यातरी बाईने मुलीला 'ताई, पिशवी घ्या हो जरा मांडीवर' म्हटलं आणि मुलगी 'द्या' म्हणाली. तिला बसायला जागा मिळाली होती तर. बस हलली. त्याने हाताला लागेल असं काही जवळ राहू नये म्हणून खुर्ची मेजापासून मागे ओढली, फोन कानाला घट्ट धरला, आणि तिच्या खिशातलं ते सगळं शहर ऐकत बसला.